मागच्या सीटजवळची जाळी

"गाडीला काही झालेलं नाही, घरी जा."

हे वाक्य बोलून पोट भरणारा गॅरेजवाला तुम्ही पाहिला नसेल तर सानपाड्याला येऊन मला बघून जा. आमची कमल म्हणते, दुसऱ्यांचे नवरे काम करून दमतात, तुमचं तोंड 'नको नको' बोलून दमतं. तिचं खोटं नाही. पण माणूस आजारी नसताना त्याला सलाईन लावणारा डॉक्टर आणि गाडी ठणठणीत असताना तिचं पोट फाडणारा मेकॅनिक, दोघंही मला सारखेच डोक्यात जातात. माझं डोकं तसं लवकर फिरतं, हे आमच्या सेक्टरमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे.

सोसायटीच्या दिवाळी अंकाचं बघणाऱ्या साळुंखेबाईंनी मला धरलं. म्हणाल्या, तुमच्या कामाबद्दल लिहा, सुरुवातीपासून. सुरुवातीपासून काय लिहायचं? रबाळ्याला एका कारखान्याच्या गाड्या सांभाळत होतो, तिथून सुटलो, स्वतःचं शटर उघडलं. झालं की. त्यापेक्षा गाड्या आणि गाड्यांची माणसं सांगतो, त्यात मजा आहे.

माझ्याकडे जास्त करून हायब्रिड गाड्या येतात, त्याही भरपूर पळालेल्या. हायब्रिड म्हणजे एका घरात दोन कमावते. एक पेट्रोलचं इंजिन, एक विजेची मोटर. एक कामाला गेला की दुसरा जरा पाय पसरतो, चढ आला की दोघं मिळून ओढतात. मोटरला वीज देणारी मोठी बॅटरी मागच्या सीटच्या आसपास असते. प्लग लावून चार्ज करायची भानगड नाही. ब्रेक मारला, उतार आला की ती आपली आपण भरून घेते. एवढं समजलं तरी पुढचं सगळं समजेल.

या गाड्या नवीन आल्या तेव्हा लोकांची फार गंमत व्हायची. वाशीच्या एका फळवाल्या शेठनं दसऱ्याला पूजेला मलाही बोलावलं. गाडीला झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू, गुरुजी नारळ घेऊन पुढे उभे. गुरुजी म्हणाले, चालू करा. शेठनी बटण दाबलं. आवाज नाही. शेठना वाटलं लागलीच नाही, परत दाबलं. म्हणजे चालू झालेली बंद केली. मग परत. असं चाललेलं, आणि गुरुजी घड्याळ बघून घामाघूम. शेठच्या आई खुर्चीवरून म्हणाल्या, "अरे, इंजिन टाकायचं राहिलं काय त्यांचं?" मी पुढे होऊन म्हटलं, शेठ, चालू आहे, गिअर टाका नि ब्रेक सोडा. शेठनी सोडला. गाडी मांजरासारखी चालत गेली, लिंबू चिरडलं, आणि गुरुजी नारळासकट टुणकन बाजूला झाले. त्या वर्षी नारळ गाडीपुढे फुटला नाही, गुरुजींच्या हातून निसटून फुटपाथवर फुटला. गाडी अजून पळतेय.

पण भीती त्या शांततेनंच सुरू होते. माणसाला ज्याचा आवाज येत नाही त्याची भीती वाटते, आणि भ्यालेल्या माणसाला काहीही विकता येतं. नेरूळच्या मोहितेमॅडम बँकेत आहेत, दुसऱ्याचं कर्ज चार वेळा तपासून मग सही करतात. त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचं एस्टिमेट घेऊन आल्या. इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, एसी सॅनिटायझेशन, ब्रेक ओव्हरहॉल, शिवाय खाली गंज लागू नये म्हणून कोटिंग. मी विचारलं, एसीतून वास येतो? नाही. गाडी झटके देते? नाही. ॲव्हरेज पडलंय? नाही. मग हे कशाला? त्या म्हणाल्या, "ते म्हणाले हायब्रिड आहे, रिस्क नको."

मी चाक खोललं. ब्रेकचे पॅड पुरणपोळीसारखे जाडजूड. असणारच, कारण ही गाडी निम्मा ब्रेक मोटरनंच मारते, पॅडला काम फार कमी पडतं. उलट काम कमी म्हणून आमच्या खाडीच्या खाऱ्या हवेत त्यांच्या पिना जाम होतात. त्या काढायच्या, पुसायच्या, ग्रीस लावून बसवायच्या. एवढाच तो ओव्हरहॉल. मॅडम खूश. पण खूश ठेवून पाठवायला मी काही मिठाईवाला नाही, त्यामुळे जे खरंच लागत होतं तेही सांगितलं. दोन लाख किलोमीटरजवळ आलेल्या गाडीचं गिअरबॉक्सचं ऑइल बदला. कंपनी त्याला लाइफटाइम म्हणते. कुणाचं लाइफटाइम ते एकदा विचारून घ्या. विजेच्या भागाला थंड ठेवणारं कूलंट वेगळं असतं, ते बघा. इंजिनचे स्पार्क प्लग बदला. इंजिन ऑइल पातळच घाला, गल्लीतला कुणी म्हणाला जाड घाला म्हणून ऐकू नका. मॅडमनी सगळं करून घेतलं, आणि त्यानंतर वर्षभर त्यांचं तोंड दिसलं नाही. गाडीला काही झालंच नाही ना. माझ्या धंद्याची ही अशी तऱ्हा आहे, काम चांगलं झालं की गिऱ्हाईक दिसेनासं होतं. कधी कधी वाईट वाटतं. निदान हॉर्न तरी वाजवून जावं.

सर्व्हिस सेंटरमधल्या पोरांवर माझा राग नाही. त्यांच्या डोक्यावर टार्गेट बसलेलं असतं. आणि काही कामं तिथंच करावी, मीच पाठवतो: एअरबॅगची, सॉफ्टवेअरची, कंपनीनं स्वतःहून परत बोलावलेल्या पार्टची. नारिंगी वायरी दिसल्या की घरच्या घरी हात घालू नका, हेही सांगतो. तो करंट चूक माफ करत नाही. पण तिथं गेलात तर गाडीला काय होतंय ते तुम्ही सांगा, गाडीला काय हवंय ते त्यांना सांगू देऊ नका.

आता इक्बालभाईचं सांगतो. त्याच्यासाठीच खरं तर लिहायला बसलोय.

इक्बालभाई जासईचा. कंटेनर यार्डांचा तो पट्टा, तिथंच त्याचं घर. अर्धं आयुष्य दुसऱ्याच्या गाड्या चालवल्या. शेवटी एका बड्या साहेबाकडे होता. साहेब रिटायर होऊन गावाला गेला तेव्हा त्याची पांढरी हायब्रिड इक्बालभाईनं विकत घेतली, टूरिस्ट परमिट करून घेतलं, आणि तीच गाडी, तेच स्टेअरिंग, पण आता मालक. हे तो कुणालाही सांगायचा. पेट्रोल पंपावरच्या माणसालासुद्धा. ड्रायव्हर असतानाचं मात्र एकदाच बोलला होता. लग्नाला जा, बारशाला जा, साहेब आत आणि आपण बाहेर. डबा कायम स्टेअरिंगवर ठेवून खाल्ला, म्हणाला. हसत हसतच म्हणाला होता, पण माझ्या लक्षात राहिलं.

तो एका दुपारी आला तो चेहरा पाडून. मीटर दोन लाख कधीच ओलांडून गेलेला. डॅशबोर्डवर हायब्रिडचा लाल त्रिकोण लागायचा, गाडी मान टाकायची. सर्व्हिस सेंटरनं कॉम्प्युटर लावून सांगितलं, मोठी बॅटरी गेली, नवीन टाका. नवीन टाकण्याचं बळ त्याच्यात नव्हतं. म्हणून त्यानं जुन्या गाड्यांच्या दलालाशी बोलून टाकलेलं. दलाल त्याच संध्याकाळी गाडी न्यायला येणार होता. आणि एका ट्रॅव्हल्सवाल्याकडे ड्रायव्हरची नोकरीही बघून ठेवली होती.

"मिस्त्री, तुमी एकदा बगा," तो म्हणाला. "गारी गेली तं मी परत दुसऱ्याचे चावीवर."

त्याच्या बोलीत गाडीची गारी होते. मी एरवी त्यावरून चिडवतो, त्या दिवशी सरळ बॉनेट उघडलं.

मी बघायला लागलो. अशा गाडीत एक साधी छोटी बॅटरीही असते, तुमच्या-आमच्या कुठल्याही गाडीत असते तशी. ती मेली की डॅशबोर्डवर जत्रा भरते आणि लोक समजतात मोठी गेली. गावाला महिनाभर जाऊन आलेल्या कितीतरी लोकांना मी नुसती छोटी बॅटरी बदलून घरी पाठवलंय. मला वाटलं तेच असेल. नव्हतं, छोटी ठणठणीत. कूलंट बघितलं, बरोबर. स्कॅनर लावला, तर मोठी बॅटरी तापतेय, असंच तोही बोलत होता. कंपनीचं पोरगं खोटं बोललं नव्हतं. मीही मान हलवायच्या बेतात आलो होतो.

पण मान हलवायची म्हणजे त्या माणसाला परत बाहेर उभं करायचं. म्हणून म्हटलं, आणखी थोडं बोलू. लाइट लागते कधी?

तर म्हणाला, जासईला जाताना. येताना कधीच नाही.

आता मला सांगा, रस्ता तोच, गाडी तीच, ड्रायव्हर तोच. बॅटरी गेली असेल तर ती दोन्हीकडून गेलेली असणार. तिला काय माहेर-सासर कळतं? इक्बालभाईच्या घरी नजर लागल्याचं ठरलं होतं आणि गाडीला काळा दोरा बांधून झाला होता. मी विचारलं, जाताना गाडीत असतं कोण? तो म्हणाला, घोरपडेसाहेब असतात. येताना गाडी रिकामी, साहेब यार्डातनं ट्रकवाल्याबरोबर येतात.

हे घोरपडे कांदा मार्केटमधल्या एका निर्यातदाराचे माणूस. आमच्याच साताऱ्याकडचे, कांद्यावर पोटच्या पोरासारखं प्रेम. माल कंटेनरमध्ये भरण्याआधी यार्डात तपासणी होते, त्यासाठी ते मार्केटातून निवडक कांद्याचं पोतं घेऊन जायचे. पोतं डिकीत नाही ठेवायचे. डिकीत गरम होतं, कांद्याला घाम सुटतो, मग समोरची पार्टी नाक मुरडते. म्हणून कांदा मागच्या सीटवर, एसीत. घोरपडे डावीकडे, पोतं उजवीकडे, दाराला टेकवून. इक्बालभाई म्हणाला, साहेब स्वतः घाम पुसतील पण एसीचं तोंड पोत्याकडे करतील.

माझ्या डोक्यात तेव्हा कुठं उजेड पडला. मोठ्या बॅटरीला थंड ठेवायला पंखा असतो. तो पंखा गाडीच्या आतली गार हवा ओढतो, आणि ती ओढायला या गाडीत मागच्या सीटच्या उजव्या कडेला, दाराजवळ, एक काळी जाळी असते. पंजाएवढी. कुणाचं लक्षही जाणार नाही अशी. तिथंच तो पोत्यातला कांदा रोज गार वारा खात बसलेला.

मी म्हटलं, इक्बालभाई, मागे बसा आणि पोतं कुठं असतं ते मला हात लावून दाखवा.

त्यानं मागचं दार उघडलं. उघडून धरलं, सवयीनं, कुणीतरी बसणार असल्यासारखं. आणि उभा राहिला.

"बसा की."

"मी हितं कधी बसलो नाय," तो म्हणाला.

मला वाटलं चेष्टा करतोय. करत नव्हता. ती त्या जुन्या बड्या साहेबांची सीट होती. गाडी त्याच्या नावावर झाली, कागद झाले, पेढे वाटले, पण त्या सीटवर तो बसला नव्हता. रोज बाहेरून वाकून पुसायचा, लख्ख ठेवायचा. वाकून पुसणाऱ्याला ती जाळी दिसत नाही, बसणाऱ्याच्या कोपराला लागते. मालक मागे बसला असता तर त्याला केव्हाच दिसली असती. मला राग आला, पण कुणाचा ते अजून ठरलेलं नाही.

बॅटरीची मेन पिन आधी काढली, हातमोजे घातले, उरलेला करंट उतरेपर्यंत थांबलो, मग जाळी उचकटली आणि मागचा पंखा बाहेर काढला. पंखा कसला, कांद्याच्या पापुद्र्यांचा गोळा. गुलाबी, लाल, वाळून कुरकुरीत झालेले, नव्या मिक्सरच्या खोक्यात भुसा भरतात तसे गच्च. त्यात पोत्याची सुतळी, आणि जुन्या साहेबांच्या काळातलं बडीशेपेचं रिकामं पाकीट. पंख्याची पाती त्यात जेमतेम फिरत असतील. येताना पोतं नसायचं म्हणून थोडी तरी हवा जायची, जाताना पोत्यानं जाळीही बंद. बॅटरी बिचारी श्वास कोंडून चढ चढत होती.

इक्बालभाई तो ढीग बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं ते कांद्यानं, असं तो आजही सांगतो. वाळल्या पापुद्र्यानं डोळ्यांत पाणी येत नाही हे मला माहीत आहे, पण मी वाद घातला नाही.

पंखा धुतला, वाळवला, बसवला. पण अजून निकाल लागला नव्हता. इतके दिवस तापलेली बॅटरी आतून खरंच गेली असेल तर पापुद्रे काढून काय उपयोग? तिला चढावर, उन्हात, एसी लावून पळवल्याशिवाय कळणार नव्हतं. मी म्हटलं, पारसिक हिल चढवून बघू. गाडी मी चालवतो, तुम्ही मागे बसा. पंख्याचा आवाज फक्त मागे ऐकू येतो, तो सांगा.

हे खरं होतं. थोडं माझ्या मनातलंही होतं.

तो बसला. सीटच्या अगदी टोकावर, गुडघे जुळवून, हात मांडीवर, शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीत बसवल्यासारखा. आणि सानपाडा सोडायच्या आत माझं ड्रायव्हिंग सुधारायला लागला. क्लच नसलेल्या गाडीत मागून पाय दाबत होता, सिग्नलला 'हळू, हळू' म्हणत होता. मी म्हटलं, साहेब, गप्प बसा, ड्रायव्हरला डिस्टर्ब करू नका. तेव्हा पहिल्यांदा हसला.

बेलापूरला पारसिकचा चढ लागला. ऊन रणरणतं, एसी फुल. गाडीला मुद्दाम ताण दिला. अर्ध्या चढावर मागून घूं असा आवाज सुरू झाल्याचं तो म्हणाला. म्हटलं, तोच पंखा, ऐकत राहा. माझे डोळे डॅशबोर्डवर, त्याचेही तिकडेच, दोन सीटांच्या मधून मान घालून. माथा आला. त्रिकोण लागला नाही. खाली आलो, परत चढवली. नाही लागला. वर झाडाखाली थांबून स्कॅनर लावला. बॅटरीचा एक कोपरा जरा थकलेला होता, पण ते म्हातारपण, आजार नव्हे. जपून वापरली तर अजून बरीच चालणार होती. मी त्याला तसंच सांगितलं, वाढवून नाही, कमी करून नाही.

त्यानं मागच्या सीटवरूनच दलालाला फोन लावला. येऊ नका म्हणाला. दलाल बराच वेळ बोलत होता, हा ऐकत होता आणि जाळीवर हात ठेवून वारा ओढला जातोय का ते बघत होता. फोन ठेवल्यावर मी विचारलं, साहेब, आता कुठं घेऊ?

खिडकीबाहेर बघत म्हणाला, "घरी." मग घाईनं, "म्हंजे मी चालवतो ना आता." मी म्हटलं, टेस्ट पूर्ण व्हायचीय, जासईचाच तर रस्ता गाडीला बाधत होता. आणि गाडी उरण रस्त्याला लावली. हळूहळू तो मागे टेकला. एका ठिकाणी मी आरशात पाहिलं तर पाय लांब करून बसलेला.

जासईला त्याच्या दारात गाडी थांबवली. त्याची बायको, रुखसानाभाभी, ओट्यावर काहीतरी निवडत होती. सकाळीच तिला सांगून निघालेला, आज गाडी जाणार म्हणून. मला तिनं कधी पाहिलेलं नव्हतं. तिला दिसलं ते एवढंच, की स्टेअरिंगवर परका माणूस आणि नवरा मागे. ती उठून उभी राहिली. चेहरा असा उतरला की मला खाली मान घालावीशी वाटली.

"गेली?" तिनं विचारलं. "हेनीच घेतली?"

मी उतरलो, मागचं दार उघडून धरलं. इक्बालभाई सावकाश बाहेर आला, शर्ट खाली ओढला.

"कुठं नाय गेली," तो म्हणाला. "गारी आपलीच हाय. डायवर ठेवलाय."

तिला हसू की रडू ते कळेना. गाडीकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, मग माझ्या काळ्या ग्रीसच्या हातांकडे. आणि नवऱ्यावरच डाफरली.

"मंग त्याला बाहेर काय उभा केलाय? आत बोलवा, जेवू द्या. आपले घरात डायवर बाहेर नाय जेवत."